न चाखलेली वाटी

कौसे,

काल तुझी तेरवी झाली आणि आज शाळेत पुन्हा साडेबाराला माझ्या टेबलावर वाटी आली. आता ती तुझी जाऊ शेवंता आणते. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकाने पोषण आहार चाखून बघायचा आणि चव रजिस्टरात शेरा लिहून सही करायची, एवढा नियम तिला माहीत आहे. आपल्या शाळेत तो नियम खरा कसा चालायचा, हे मात्र तिला कोणी सांगितलेलं नाही. त्यामुळे ती वाटी ठेवून जात नाही. समोर उभी राहते आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघते. आज डाळ कच्ची होती. मी तिला तसं सांगितलं आणि रजिस्टरातही तसंच लिहिलं. बिचारीचं तोंड एवढंसं झालं. तू गेल्यानंतरची पानं सोडली तर अकरा वर्षांच्या त्या रजिस्टरात 'चव चांगली' याशिवाय दुसरा शेरा सापडणार नाही.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलले. मीही बोलले. आमची कौसल्या म्हणजे प्रेमळ स्वभाव, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस. तू मला जेवढं टोचून बोललीस तेवढं माझ्या सासूनेही कधी बोलून दाखवलं नाही. पण तिथे खरं सांगायची माझी हिंमत नव्हती, म्हणून हे लिहिते आहे. जायच्या दोन दिवस आधी तू मला एक प्रश्न विचारलास. मी खोटं उत्तर दिलं. सोमवारी नीट सांगू, असं मनाशी म्हटलं होतं, आणि रविवारीच तू गेलीस.

तो प्रश्न तीस वर्षं जुना होता, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

सातवीचा वर्ग, खिडकीकडची बाजू, तू आणि मी बसायच्या एकाच पट्टीवर. खिडकीतून तलाव दिसायचा आणि तलावाच्या पाळीवरचं मोहाचं झाड. तुझं घर ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं, तलावाला लागून. माझ्या बापाची पाच एकर धानाची जमीन, त्यामुळे वर्गात मॉनिटर कोण होणार हे गुरुजींनी कधी कोणाला विचारलं नाही. मॉनिटरचं काम एकच. गुरुजी शिकवत असताना ज्याचं लक्ष नसेल त्याचं नाव फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं. खडू हातात आला की माझी मान ताठ व्हायची. त्या कोपऱ्यात बाकीची नावं येत-जात राहायची, तुझं रोज असायचं. कारण तू रोज खिडकीबाहेर बघायचीस. गुरुजी अपूर्णांक शिकवोत नाहीतर नकाशा, तुझे डोळे आपले मोहाच्या झाडावर.

आणि गुरुजींनी मला प्रश्न विचारला की तू बाहेर बघत बघतच, ओठ न हलवता, मला उत्तर सांगायचीस.

एकदा मी तुला विचारलं होतं, आठवते? बाहेर बघून तुला आतलं कसं कळते. तू म्हणालीस, "आबा म्हणते, मासोळीसाठी गरी टाकली का पाण्याकडं पाहाचं नाई. पाण्याकडं पाह्यलं का डोळे दिपते अन् हात झोपते. डोळे झाडावर ठेवाचे, लक्ष बोटात." आणि माझ्या बोटाला दप्तराचा दोरा गुंडाळून तू तो हलकेच ओढून दाखवलास. आपण किती हसलो होतो. म्हणजे मला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. अख्ख्या शाळेत एका मलाच तुझ्या लक्षाची जागा माहीत होती. गुरुजींना माहीत नव्हती, त्यांना मी माफ करू शकते. त्यांना वाटायचं, लक्ष म्हणजे गुरुजींच्या तोंडाकडे लागलेले डोळे. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे डोळे लावून आरामात दुसऱ्याच गोष्टींचा विचार करायचो.

त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी गुरुजी एका मुलाला तयार करणार होते. त्यांचं घर सिंदेवाहीला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते एकाला सायकलवर मागे बसवून नेणार, तिथल्या मोठ्या शाळेत शिकवणीला बसवणार आणि रविवारी परत आणून सोडणार. सायकलला कॅरिअर एकच, म्हणून पोर एकच. सगळ्या वर्गाला कळून चुकलं होतं की ते पोर एक तर तू असशील नाहीतर मी. आणि कोण, ते गुरुजी शनिवारी सांगणार होते.

त्या आठवड्यात मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. तोपर्यंत मी तुझं नाव यादीत इतरांसारखं लिहायची. सोमवारपासून सगळ्यात आधी लिहू लागले. प्रार्थना होऊन गुरुजी जागेवर बसले की लगेच, तू अजून खिडकीकडे वळायच्या आत. मोठ्या अक्षरात. गुरुवारी त्याखाली रेघही ओढली. शनिवारी गुरुजींनी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं की पोरगी हुशार आहे पण लक्ष नाही, असं पोर तिकडे नेऊन माझी शोभा होईल. मग त्यांनी माझं नाव घेतलं.

सायकल डुगडुगत होती. मला कॅरिअरवर चढता येईना. मागून सायकल घट्ट धरून उभी राहिलीस ती तूच.

पुढचं सगळं त्या कॅरिअरवरून झालं. शिष्यवृत्ती, सिंदेवाहीची शाळा, डी.एड., नोकरी. तू सातवीनंतर घरी राहिलीस, मग लग्न, तेही गावातच, तलावाच्या दुसऱ्या अंगाला. अकरा वर्षांपूर्वी माझी बदली आपल्याच शाळेत झाली तेव्हा पहिल्या दिवशी पोषण आहाराच्या चुलीच्या धुरातून एक बाई डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "या बाई." मला वाटलं तू ओळखलं नाहीस. मुलं वर्गात गेल्यावर तू हळूच म्हणालीस, "मंदे, जाडी झाली वं तू." तेव्हापासून मुलांसमोर बाई आणि चुलीपाशी मंदे, हा आपला करार शेवटपर्यंत टिकला.

खरं म्हणजे शिकवायला मी तुझ्याकडूनच शिकले. हे मी कधी कोणत्या प्रशिक्षणात सांगितलं नाही, कारण लोक हसले असते. तुझी चूल बरोबर माझ्या वर्गाच्या खिडकीखाली. तू तांदूळ निवडत बसायचीस आणि माझा पाठ संपला की वाटी घेऊन यायचीस. वाटी ठेवताना निकाल सांगायचीस. "आज पोरं लवकर भुकेजली" म्हणजे पाठ पडला. पोरं कंटाळली की त्यांना भूक आठवते, रांगेत आधी येतात आणि गुमान उभी राहतात, हे तुझं निरीक्षण. ज्या दिवशी पाठ जमायचा त्या दिवशी ती रांगेत भांडत यायची, मी सांगितलेलंच एकमेकांना चुकीचं सांगत, आणि तू पळी हातात धरून ऐकत राहायचीस. त्या दिवशी तू मला काही बोलायची नाहीस, नुसती वाटीवर वरून थोडं जास्त तेल सोडायचीस. मला ते तेल हवंसं वाटू लागलं होतं. केंद्रप्रमुखांच्या शाबासकीपेक्षा मी त्या तेलाची वाट बघायची.

वाटी मात्र मी क्वचितच खायची. डबा असायचा माझा. शेरा लिहायचा, सही करायची, वाटी शिपायाकडे सरकवायची. तुला सगळं दिसत होतं, हे मला कसं कळलं नाही?

या वर्षी पायल सहावीत आली आणि आपलं बिनसलं. ही पोर बरोबर आपल्याच जागेवर बसते, खिडकीला लागून, आणि दिवसभर बाहेर बघते. मी तिला दोनदा सांगितलं, मग उठवून पुढे माझ्या टेबलासमोर आणून बसवलं. पुढे आल्यावर ती माझ्याकडे बघू लागली आणि तिचं लिहिणं बिघडलं. तू वाटी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "तिले तिथीच बसू दे, मंदे." मुलांसमोर मंदे म्हणालीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा करार मोडलास. मला राग त्याचा आला का, की खिडकीजवळ बसलेल्या पोरीचा विषय तू काढलास त्याचा, हे मला आता नीट कळतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, की तू तुझी चूल पाहा.

तू गेलीस चूल पाहायला. दोन दिवस निकाल सांगितला नाहीस.

त्याच आठवड्यात वरून ते फॉर्म आले. मुलांना शिकावंसं केव्हा वाटतं, वर्गात लक्ष केव्हा लागतं, केव्हा उडतं, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि आपण ते वर पाठवायचे. माझ्या वर्गाचे एकतीस. सोमवारी द्यायचे होते, आणि त्याच दिवसांत दोन माहित्या ऑनलाइन भरायच्या होत्या. मी काय केलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको, तू डोळ्यांनी पाहिलंस. गुरुवारी मधल्या सुट्टीत मी स्वतःच एकतीस फॉर्म भरायला बसले. तीन रंगांची पेनं घेतली, कुठे डाव्या हाताने लिहिलं, दोन ठिकाणी मुद्दाम ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं. 'मला गटकार्य आवडते.' 'मला बाई कृतीतून शिकवतात ते आवडते.' मला माझीच स्तुती एकतीस वेळा लिहिताना जराही अडलं नाही.

तू दारात उभी राहून वाचलंस. हे काय आहे विचारलंस. मी सांगितलं की पोरांचं मत आहे.

"पोरं तं इथीच आहेत," तू म्हणालीस. "त्याइलेच विचार ना."

मी म्हटलं, त्यांना काय लिहिता येते. तू मान हलवलीस आणि जाताना म्हणालीस, "मलेबी असंच कोणी विचारलं नाई."

शुक्रवारी साडेबाराला वाटी आली. मी शेरा लिहिला, सही केली. तू नेहमीसारखी गेली नाहीस. मीठ कसं आहे म्हणून विचारलंस. बरोबर आहे, मी म्हटलं. चाखून सांग म्हणालीस. तेव्हा चमचा तोंडात घातला, तर खिचडी अळणी.

"तुही वाटी मी मीठ टाकाच्या आंधी काढली," तू म्हणालीस. "पोराइच्या खिचडीच्या गंजात आहे मीठ."

तू रागावली असतीस तर मी भांडले असते. तू रागावलेली नव्हतीस. तू वर्गाच्या उंबऱ्यावर बसलीस. अकरा वर्षांत कधी बसली नव्हतीस. बाहेर मुलं हात धुवायला गेली होती, हातपंपाचा आवाज येत होता. तू माझ्याकडे न बघता, बाहेर तलावाकडे बघत विचारलंस, "तवाबी तू न पाहताच माहं नाव लिवत होती का? का तुले माहीत होतं, मी ऐकून राह्यली म्हणून?"

एवढाच प्रश्न. तीस वर्षं तू तो ठेवला होतास आणि तो विचारतानाही मला पळवाट करून दिली होतीस. न पाहता लिहिलं, असं मी म्हणावं आणि सुटावं. आणि मी सुटले.

मी म्हटलं, "नाई वं. मले काय माहीत. लहान होतो आपण."

"बरं," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "मले वाटे, तुले माहीत असन."

एवढंच बोललीस. तुझ्या आवाजात सुटल्यासारखं काही नव्हतं, उलट काहीतरी हातातून गेल्यासारखं होतं. ते मला तेव्हा समजलं नाही. तुला वाटत आलं होतं की निदान एका माणसाला तरी तुझं लक्ष माहीत होतं. त्या माणसाने दगा दिला हेही चाललं असतं तुला. पण माहीतच नव्हतं म्हटल्यावर तुझ्याकडे काही उरलं नाही. मी स्वतःला वाचवायला गेले आणि सातवीतली तू होतीस याची एकमेव साक्षही पुसून टाकली.

तू उठलीस, वाटी नेलीस आणि मीठ घातलेली भरून आणलीस. वर तेल सोडलं होतंस. त्या दिवशी माझा पाठ काही जमलेला नव्हता, तरी सोडलंस. "घे, आता चाख," म्हणालीस. मी म्हटलं ठेव, खाते मग, रांग लागली बाहेर. तुझ्याकडे बघायची मला लाज वाटत होती, म्हणून तुझी वाटीही नको होती. शाळा सुटताना बघितली तर टेबलावर तशीच, कडेने मुंग्या लागलेल्या. मी ती खिडकीतून बाहेर ओतली. तुझ्या हातचं शेवटचं होतं ते.

रविवारी तू दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला गेली होतीस. छातीत कळ आली, चिखलातच बसलीस, आणि सिंदेवाहीच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मला निरोप आला तेव्हा मी घरी त्या एकतीस फॉर्मांवर रोल नंबर टाकत होते.

ते मी फाडले, कौसे. चांगली होऊन फाडले असं समजू नकोस. मला ते बघवेनात म्हणून फाडले. पुन्हा कोऱ्या प्रती काढून आणल्या, केंद्रप्रमुखांची बोलणी खाल्ली, आणि गेल्या आठवड्यात मुलांना वाटल्या. सांगितलं की मी बाहेर जाऊन बसते, तुम्ही लिहा, नाव घालायचं तर घाला. बाहेर म्हणजे तुझ्या चुलीपाशी जाऊन बसले. तिथून वर्गातलं सगळं ऐकू येतं. पेन्सिल पडली तरी ऐकू येतं.

फॉर्म वाचले तेव्हा तुझी फार आठवण आली, कारण काही वाचून तू हसून हसून लोळली असतीस. एकाने लिहिलं आहे की गणितात लक्ष लागतं कारण त्यानंतर जेवण असतं. एकीने लिहिलं आहे, बाई रागावल्या की लक्ष लागतं, पण रागावण्याकडे. गटकार्य कोणालाच आवडत नाही, कारण गटात एकच जण काम करतो. आणि मग तू यायला लागलीस. एका फॉर्मात, दुसऱ्या फॉर्मात. मोजले नाहीत, पण बरेच होते. शिकावंसं केव्हा वाटतं, या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं आहे की जेवायला बसल्यावर कौसामावशी विचारे, आज बाईनं काय शिकवलं, मले नाई समजलं, तूच सांग. सांगता सांगता समजून जाये.

म्हणजे रोज माझा पाठ तू पुन्हा घेत होतीस, पळी हातात धरून, तुला काही समजत नाही असं दाखवून. आणि मला वर्षाअखेर वाटायचं की माझी मुलं बरी तयार होतात. तेव्हाही ओठ न हलवता उत्तर तूच सांगत होतीस, आणि शाबासकी मी घेत होते.

पायलने नाव घालून लिहिलं आहे. ती फार लिहीत नाही, तिची तीनच वाक्यं आहेत. 'मी खिडकीतून मावशीकडे पाहात होती. मावशी तांदूळ निवडताना मान खाली घालून बाईचं ऐके, ती ऐके म्हणून मी पण ऐको. बाईनं समोर बसवलं तवापासून मावशी दिसली नाही.'

मी तिला परत खिडकीजवळ बसवलं आहे. आता खिडकीत शेवंता दिसते, आणि ती काही ऐकत नाही, तिला डाळीचं टेन्शन असतं. तरी पायल बाहेर बघते. तिचं लक्ष नेमकं कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण तिचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही.

एक कोरा फॉर्म जास्तीचा आला होता. त्यात एक प्रश्न असा आहे: तुमचं लक्ष आहे हे वर्गात कोणाला कळतं का? मी त्यावर तुझं नाव लिहायला पेन उचललं, कौसल्या, इयत्ता सातवी, आणि थांबले. आयुष्यभर मी तुझ्या नावाने नको ते लिहीत आले. आता तुझा कागदही मीच भरायला निघाले होते. तो कोराच ठेवला आहे, चव रजिस्टरात, तुझ्या शेवटच्या शुक्रवारच्या पानापाशी. त्या पानावर 'चव चांगली' लिहिलेलं आहे, खाली माझी सही आहे. ते मी खोडलेलं नाही. खोडून काय होणार.

तुझ्या वतीने मी काही लिहिणार नाही. तू मला विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेवढं माझ्याकडून बाकी आहे.

हो, कौसे. मले माहीत होतं. तू ऐकून राह्यली होती, हे मले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी पाहूनच लिवलं.